कारवीच्या पावलांनी

सप्टेंबर 2024. वसईजवळच्या तुंगारेश्वरचं मंदिर बरंच खाली राहिलं आहे. तुमच्या दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेली कारवी जांभळी होऊन उभी आहे. खालून महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज येतो आहे, पण जवळचा आवाज मधमाश्यांचा. सातेरी आहे, आग्या मोहोळातली मोठी माशीही आहे. तुम्ही मध्ये उभे आहात याची दोघींनाही पर्वा नाही. आठ वर्षांनी मांडलेली पंगत आहे ही.

कारवीचं गणित तुम्हाला ठाऊक असेलच. बी रुजतं, सात पावसाळे नुसती पानं येतात आणि जातात, आठव्या पावसाळ्याच्या शेवटी सगळा डोंगर एकदम फुलतो. त्यानंतर झाड मरतं. बोंडं वाळून काठीवर तशीच राहतात आणि पुढच्या वर्षीचा पहिला पाऊस अंगावर आला की लाह्या फुटाव्यात तशी तडतडून बी उडवतात. बोरिवली-येऊरच्या डोंगरांत ती 2016 साली फुलली, 2024 ला पुन्हा. तुंगारेश्वर त्याच रांगेचा खाडीपलीकडचा, उत्तरेचा तुकडा. असं वागणारी ती एकटी नाही. जपानच्या ओकिनावा बेटावर तिचीच एक चुलत बहीण सहा वर्षांनी फुलते. त्याच देशाच्या उत्तर टोकाला, होक्काइडोच्या जंगलात झाडांखाली माजलेला सासा नावाचा बुटका बांबू कित्येक दशकं गप्प राहून मग एकदमच फुलतो आणि मरतो. एका वर्षी इतकं बी सांडायचं की किडे-उंदरांनी पोट फुटेस्तोवर खाऊनही उरावं, हा त्यामागचा हिशेब मानला जातो.

आपल्याला या हिशेबाचा दुसरा उपयोग करायचा आहे. कारवीचा एक बहर म्हणजे एक पाऊल, आणि पावलं मागे टाकायची. डोंगराडोंगरात एखादं वर्ष पुढेमागे होतं, प्रवासाला तेवढं चालतं. साल कारवी ठरवेल, महिना तुम्ही निवडा.

पहिलं पाऊल छोटंच टाका. 2016, महिना जुलै.

कारवी अजून हिरवी आहे, कळ्या नाहीत. पाऊस थांबून तासभर झालेला. ऐनाच्या बुंध्यापाशी गुडघाभर उंचीचं वारूळ आहे, आणि त्याच्या उतारावर पांढऱ्या छत्र्या एकाच रात्रीत वर आल्या आहेत. ही अळंबी. एक छत्री बोटांनी धरून हळूच ओढा. देठ संपतच नाही. जमिनीत हातभर खाली, काळपट मुळासारखा होत तो उतरत जातो. त्याचं टोक जिथे आहे तिथे तुम्हाला जाता येत नाही, म्हणून डोळे मिटून जा.

खाली अंधार आहे, दमट आणि उबदार. कामकरी वाळवी रात्रभर बाहेरून वाळकं पान, काटकी, साल चावून आणते आणि अर्धवट पचवून इथे विष्ठेचे थर रचते. त्या थरांची भोकाभोकांची पोळी तयार होते. त्या पोळीवर बुरशी वाढते. लाकडातला जो कडक भाग वाळवीला पचत नाही तो बुरशी मऊ करून देते, आणि पोळीवर उगवलेले साबुदाण्याहून लहान पांढरे गोळे वाळवी खाते. दोघांपैकी एकालाही दुसऱ्यावाचून जगता येत नाही. माणसाने अळंबीची शेती करायचा प्रयत्न अनेकदा केला. धिंगरी जमली, बटण जमलं, ही जमली नाही, कारण हिचा शेतकरी आधीच ठरलेला आहे. वारूळ मेलं तर तेही कळतं: पांढऱ्या छत्र्यांऐवजी काळ्या, बारीक, बोटांसारख्या बुरश्या वर येतात. आत इतके दिवस वाळवीने दाबून ठेवलेली ती तणबुरशी, मालक गेल्यावर माजलेली.

जंगलात पडलेलं पान पुन्हा माती होतं ते बरंचसं या दोघांच्या हातून. वाघ-बिबट्याच्या गोष्टी सांगणारे आपण वारुळाला मात्र हार-फूल वाहून पुढे जातो. नाग आत असतो म्हणून! नाग भाडेकरू आहे, घर वाळवीचं.

आता पावलं भराभर टाका. 2008: वसई-विरार महानगरपालिका व्हायला अजून वर्ष आहे. 2000: या डोंगराला अभयारण्य म्हणायला तीन वर्षं आहेत, 85 चौरस किलोमीटरच्या वर क्षेत्र 2003 साली जाहीर होईल. प्रत्येक पावलागणिक खालचे दिवे विझत जातात. नालासोपाऱ्याच्या इमारती खाली बसतात, मिठागरं आणि भाताची खाचरं वर येतात, वाड्यांमधल्या बुजवलेल्या बावखलांत पुन्हा पाणी दिसतं. 1952 ओलांडलं की गाजर गवत नाहीसं होतं. त्याच दशकात ते पुण्याकडून पसरायला लागलं होतं.

विसाव्या पावलाला थांबा. 1864. जूनचा पहिला आठवडा, वेळ रात्रीची.

पहिली गोष्ट जाणवते ती काळोख. आपण ज्याला अंधार म्हणतो तो हा नव्हे. आपल्या अंधारात वसई रोडची नारिंगी झाक कायम मिसळलेली असते. इथे हात दिसत नाही. मग एका हिरड्याच्या झाडावर एक ठिणगी पेटते, तिच्या शेजारी दुसरी, आणि बघता बघता झाडच्या झाड एका तालात लागतं आणि विझतं. काजवे. लुकलुकत उडतात ते नर, खाली गवतात बसून एखादंच उत्तर देते ती मादी. या दोन-तीन आठवड्यांच्या जिवाने वर्षाचा बाकीचा काळ ओल्या मातीत अळी म्हणून गोगलगायी खात काढला आहे. म्हणून काजव्याला दोन गोष्टी लागतात: न खणलेली ओली जमीन, आणि जोडीदाराचा दिवा दिसेल इतका काळोख. मोटारीचे हेडलाइट पहिल्या गोष्टीला धक्का लावत नाहीत, दुसरी मात्र संपवतात. कुजक्या फांदीवरही मंद हिरवट उजेड देणाऱ्या बुरश्या सह्याद्रीच्या ओल्या जंगलांत आहेत, भीमाशंकरला आजही लोक त्या बघायला जातात. पण त्यासाठी डोळे अर्धा तास काळोखात ठेवावे लागतात. मोबाइल खिशातून काढला की ते गेलं.

खाली खाडीच्या बाजूला एक मिणमिणती रांग आहे. त्या कंदिलांखाली माणसं रूळ टाकताहेत. वसईच्या खाडीवर लोखंडी पूल उभा राहतो आहे, आणि या वर्षाच्या अखेरीला गुजरातकडून आलेली बी. बी. अँड सी. आय. रेल्वे मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचणार आहे. रुळांखाली लाकडी स्लीपर लागतात, ते जंगलातून येतात. डोंगराकडे इंग्रजांचं लक्ष गेलं ते याच दिवसांत. मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन 1847 पासून वनसंरक्षक होते; त्यांनी आणि डालझेल यांनी मिळून केलेलं ‘बॉम्बे फ्लोरा’ तीन वर्षांपूर्वी छापून झालं आहे; आणि याच 1864 मध्ये ब्रह्मदेशच्या सागवानात मुरलेले डीट्रिख ब्रँडिस हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक होतात. डालझेल-गिब्सनांचं पुस्तक चांगलं आहे, मेहनतीचं आहे. फुलझाडांचं आहे. बुरशीला त्यात जागा नाही. वन खात्याच्या वहीत तर फक्त लाकूड. ही सवय इंग्रजांनी आणली असं मात्र म्हणता येत नाही. आणखी मागे चला.

आणखी सोळा पावलं. 1736, सप्टेंबर.

किल्ल्यावर पोर्तुगीजांचं निशाण आहे. त्यांना वसईत दोनशे वर्षं झाली आणि आणखी तीनेक वर्षंच राहायचं आहे, हे त्यांना माहीत नाही. पुढच्या वर्षी मराठ्यांची मोहीम सुरू होईल, 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्यापुढे किल्ला खाली होईल, आणि नवसाप्रमाणे डोंगराच्या पलीकडे वज्रेश्वरीचं देऊळ उभं राहील. तो इतिहास तुम्ही शाळेत वाचला आहे. आपण झाड बघायला आलो आहोत.

सागवानाखाली उभे राहा आणि वर बघा. या दिवसांत पानांची जाळी झालेली आहे. शिरा तेवढ्या शिल्लक, मधला हिरवा गर गेलेला. एक लहान पतंगाची अळी हे काम करते, झाडच्या झाड जाळीदार करते. त्याआधी जून-जुलैत दुसऱ्या पतंगाच्या अळ्यांनी कोवळी पानं देठापर्यंत खाल्लेली असतात. शेंड्यापासून बुडापर्यंत सागाला कुणी ना कुणी खातंच आहे. पण खोडाच्या गाभ्याला हात लावायची वाळवीची छाती होत नाही. गाभ्यात सागाने एक रसायन साठवलेलं असतं, ते वाळवीला आणि बऱ्याच बुरश्यांना चालत नाही. झाड पानं देतं आणि गाभा राखतं. कोवळं पान चुरडून बघा, बोटं लाल होतात.

या एका गुणावर आरमारं उभी राहिली. वसईला जहाजं बांधली जातात ती या गाभ्यासाठी. आणि अगदी याच वर्षी, 1736 ला, सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया नावाचा पारशी सुतार आपली माणसं घेऊन इंग्रजांच्या मुंबईत गोदी उभारायला येतो. त्याच्या वंशजांनी 1813 साली बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’वर 1842 चा नानकिंगचा तह झाला, आणि 1817 ची ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर तरंगते आहे. तिचं लाकूड मलबारचं, पण गुण तोच. वाळवीने नाकारलेलं लाकूड माणसाने उचललं, असं म्हटलं तरी चालेल.

जहाजाला सरळ, जुनं, मोठं खोड लागतं. मोठं खोड तोडलं की त्याच्या ढोलीतली मोहोळं जातात, सालीतले भुंगेरे जातात, सावलीची ओल जाते आणि उघड्या उतारावर पुन्हा कारवी माजते. कारवी तोडायला कुणी आरमार येत नाही. तिची काठी वारली घरांच्या कुडाला लागते: काठ्या बांधायच्या, वरून शेणमाती लिंपायची, त्यावर गेरू आणि तांदळाच्या पिठाची चित्रं. जगभर कॅनव्हासवर विकल्या जाणाऱ्या त्या चित्रांचा खरा पाया कारवी आहे. फुलून मेलेल्या डोंगराची काठी.

पंचवीस पावलं अजून. 1536. महिना पुन्हा जून, पण उजेडात.

दोन वर्षांपूर्वी गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना लिहून दिली. गव्हर्नर नुनो द कुन्हा याच्या हुकमाने किल्ल्याचं काम आता सुरू होतं आहे. दगड फोडल्याचा आवाज खाडीवरून येतो. तुम्ही पायथ्याच्या जंगलात शिरता आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. जरा वेळाने लक्षात येतं: कपडे कशालाच अडकत नाहीत. घाणेरी नाही. ज्या झुडपाशिवाय आपल्या डोळ्यांना जंगलाची कड ओळखू येत नाही ते इथे यायला अजून पावणेतीनशे वर्षं आहेत. ते इंग्रज बागांमध्ये शोभेचं म्हणून आणतील. रानमोडी नाही. गुलमोहर नाही. खाली वाड्यांत उतरलात तर काजू नाही, पपई नाही, पेरू नाही, सीताफळ नाही. ही सगळी मंडळी त्याच गलबतांच्या वाटेने येणार आहेत ज्यांच्यासाठी समोर तट बांधला जातो आहे. पोर्तुगीजांनी आणलेल्या तोफा आता गंजून पडल्या आहेत, काजू-पेरू मात्र पक्के वसईकर झाले. या देशातल्या झाडापाल्यावर नीट लिहिणारा पहिला युरोपीय वैद्य, गार्सिया द ओर्ता, नुकताच 1534 ला गोव्यात उतरला आहे. त्याचं पुस्तक गोव्यातच छापलं जाईल, 1563 साली.

मग आहे काय? शेवळं आहेत. पहिल्या सरींनी जमीन भिजली की पानांच्याही आधी जमिनीतून सरळ वर येणारा तो जांभळट कोंब. जरा वाकून वास घ्या, नंतर पस्तावाल. कुजक्या मांसाचा वास आहे, माश्या आणि भुंगेऱ्यांना बोलवायला. ते फसून आत शिरतात, अंगाला पराग लावून बाहेर पडतात. पाड्यावरच्या बायका मात्र फसत नाहीत. त्या कोवळीच शेवळं खुडतात आणि शेजारच्या झाडाची काकडंही तोडतात, कारण शेवळं नुसती खाल्ली तर घसा खाजून बेजार होतो. त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. काकडाच्या आंबटाने ती खाज मारायची. कोणता कोंब कोणत्या फळाबरोबर शिजवायचा हे ज्या बाईने पहिल्यांदा शोधलं ती कोणत्याही ग्रंथात नाही, पण तिची पाककृती 2024 पर्यंत जशीच्या तशी आली. वसई-विरारच्या स्टेशनाबाहेर जूनमध्ये शेवळांच्या जुडीशेजारी काकडं ठेवलेली असतात ती तिच्यामुळे.

आता लांब पल्ला. दोनशे चोवीस पावलं टाका. पहिल्या पावलापासून मोजलं तर दोनशे पंच्याऐंशी. इसवी सनापूर्वी 257.

डोंगर सोडून पश्चिमेला उतरा. नालासोपारा नाही, शूर्पारक आहे. खाडी खोल आहे, तिच्यातून जहाजं आत येतात. पाटलीपुत्राच्या राजाचे, अशोकाचे लेख याच सुमाराला दगडावर कोरले जाताहेत. इथल्या लेखाचा एक तुकडा 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सापडेल. त्याच वर्षी ते बुरुड राजाचा कोट म्हणवणाऱ्या टेकाडाचा स्तूप उघडतील, आणि त्यातून एकात एक ठेवलेले करंडक व सोन्याची फुलं निघतील. लेखाचा तो तुकडा आठव्या शिलालेखाचा आहे. मजकूर असा: पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, हा राजा धर्मयात्रेला जातो. नवव्या लेखाचा तुकडा 1956 मध्ये भुईगावला मिळाला.

आणखी चौदा-पंधरा वर्षांनी हाच अशोक स्तंभावर एक यादी कोरून घेणार आहे, मारू नयेत अशा प्राण्यांची. पोपट आहे, मैना आहे, वटवाघूळ आहे आणि एक मुंगीही आहे. ज्यात जीव लपले आहेत असा भुसा जाळू नये, उगाच किंवा जीव मारायला जंगल पेटवू नये, हेही त्यात आहे. त्या स्तंभांपैकी एकही इथे नाही, ते उत्तरेत. पण मुंगी आणि भुशातले किडे राजाज्ञेत येण्याची ही वेळ लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे इतक्या सत्ता आल्या, पण भुशातल्या किड्यांचा विचार क्वचितच कुणाच्या हुकमात आला.

बंदराजवळ एक उंबर आहे. पिकलेलं फळ उचलून फोडा. आतून चिमुकल्या गांधीलमाश्या बाहेर पडतात, आपण त्यांना सरसकट किडे म्हणतो. त्यांच्या आईने फळाच्या तोंडाच्या भोकातून आत शिरताना पंख गमावले होते. आत तिने बारीक फुलांवर पराग टाकले, अंडी घातली आणि ती तिथेच मेली. नर पंखाशिवाय जन्मतात, माद्यांसाठी भिंतीला भोक पाडतात आणि बाहेरचं जग न बघता मरतात. माद्या परागांसह उडून जातात दुसऱ्या उंबराकडे. एका जातीच्या उंबराला ठरलेल्या जातीची माशीच लागते. ती नसली तर फळ भरत नाही, आणि फळ नसलं तर वटवाघूळ, हरियाल, माकड, सगळ्यांचा एक महिना उपाशी. शूर्पारकाची खाडी गाळाने भरली, बंदर गेलं, स्तूपाचं टेकाड झालं. उंबर आणि माशी यांचा करार चालूच आहे.

याच्या मागे कारवीच्या पावलांनी जाण्यात अर्थ नाही. एकच उडी मारा: साडेसहा कोटी वर्षं. पायाखालचा कातळ तेव्हा लाव्हा होता आणि भारत समुद्रात सुटलेलं बेट. लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या काळात डबकी साचत, त्यांतल्या बेडकांचे जीवाश्म मुंबईत वरळीला मिळाले आहेत. अळंबी तेव्हा नव्हती. वाळवीने बुरशी पाळायला घेतली ती सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी, आफ्रिकेच्या जंगलात. तिथून दोघं मिळून आशियात आली. म्हणजे तुंगारेश्वरच्या वारुळातली ही जोडी मूळची परदेशी, काजूसारखीच, फक्त तिला कुणाच्या गलबताची गरज पडली नाही.

परत या.

खाली शहर दरवर्षी डोंगराकडे सरकतं आहे, हे सांगायला प्रवास करायची गरज नव्हती. पण दर थांब्यावर डोंगराचा हिशेब कुणी कशात मांडला हे आता तुम्ही पाहिलं: पोर्तुगीजांनी जहाजात, इंग्रजांनी स्लीपरात, आपण चौरस फुटांत. शेवळं, अळंबी, कारवी आणि किडा यांचा हिशेब ज्यांनी ठेवला ते पायथ्याच्या पाड्यांवर राहणारे वारली, कातकरी, मल्हार कोळी. तो तोंडी आहे, आणि म्हणून आपण त्याला ज्ञान म्हणत नाही. माझ्या मते वसईच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी चूक आहे, किल्ल्याच्या पडझडीहून मोठी.

तेव्हा एवढंच करा. जूनमध्ये शेवळं घ्याल तर काकडंही घ्या. काजवे बघायला जाल तर गाडीचे दिवे मालवून जा. जुलैत पावसाची उघडीप पाहून स्वतः अळंबी तोडायला जाऊ नका. पांढऱ्या छत्र्यांत जीव घेणाऱ्याही असतात, आणि त्या ओळखायला मोबाइलवरचा फोटो भरवशाचा नाही. पाड्यावरून आलेली बाई पानावर अळंबी मांडून बसली असेल, तिच्याकडून घ्या. भाव करू नका.